‘माका जमाचा नाय’ हे पहिल्यांदा कुणी म्हटलं?

पत्र : मॅडम, मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. वय ३७. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. मिस्टर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत. दोन मुलं शाळेत. आमच्या वाडीत आता पर्यटक येतात, तीन घरांनी जेवणाची आणि राहण्याची सोय सुरू केली. मलाही घरगुती खानावळ काढायची आहे. माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. पण तीन वर्षं ‘पुढच्या हंगामात बघू’ करत ढकलते आहे. पुण्या-मुंबईची माणसं दारात आली की मी मागच्या पडवीत जाते. माझं बोलणं मालवणी, रंग काळा, चारचौघांत बोलताना अडखळते. एकदा बँकेत गेले तर तिथल्या साहेबांनी फॉर्म न देताच ‘मिस्टरांना पाठवा’ म्हणून सांगितलं. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, २१ दिवस आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ म्हणा, आत्मप्रतिमा सुधारते. मी १२ दिवस म्हटलं. आता आरशात बघायचंच टाळते. रात्री कधी कधी झोप येत नाही. माझ्यासारखीला हे जमेल का? – एक अडाणी बहीण

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इथे जागेअभावी थोडक्यात दिलं आहे, पण मूळ पत्र चार पानी आहे, आणि त्यातलं तिसरं पान मला फार महत्त्वाचं वाटलं. त्या पानावर तुम्ही शेजारच्या तिन्ही घरांचे ताटाचे दर लिहिले आहेत. कुणाकडे वड्यांवर जास्त माणसं येतात, कुणाची सोलकढी पातळ असते, दिवाळीनंतर कोणत्या आठवड्यांत गर्दी होते आणि परीक्षांच्या दिवसांत कशी ओसरते, दहा माणसांच्या सोलकढीला किती नारळ आणि कोकमाचं किती आगळ लागतं, सगळं आहे. धंदा सुरू करण्याआधी जी माहिती गोळा करायला हवी, ती तुमच्याकडे तीन वर्षांची जमली आहे. आणि पान उलटून खाली सही केलीत ‘अडाणी बहीण’. एकाच हाताने लिहिलेल्या या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. मला आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी त्या आरशाचं बघू, कारण ते तुमच्या मनाला लागलेलं दिसतं. बारा दिवसांत सोडून दिलं म्हणून तुम्ही स्वतःला आणखी एक दोष लावला असेल, तो काढून टाका. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना स्वतःविषयीचं गोड वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, ज्यांना खरी गरज होती, त्यांना मात्र आधीपेक्षा वाईट वाटलं. असं का होतं हे तुम्हाला कुणी समजावायला नको, तुम्ही ते भोगलं आहे. तोंड म्हणतं ‘मी यशस्वी आहे’, आणि आतून लगेच उत्तर येतं, ‘खंय?’, कुठे? मग मन एकेक पुरावा काढून दाखवतं, दहावी काढतं, बँक काढतं. रोज सकाळी तुम्ही स्वतःवर खटला भरत होता आणि रोज हरत होता.

आणि त्या २१ दिवसांची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे प्लॅस्टिक सर्जन होते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. त्यातला ‘निदान’ गळून पडला, चेहराही गळून पडला, आणि ‘२१ दिवसांत माणूस बदलतो’ एवढंच फिरत राहिलं. माल्ट्झ यांनी पाहिलेली खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. काही जणांचं नाक सरळ झालं, व्रण गेला, चेहरा चांगला दिसू लागला, तरी ती माणसं स्वतःला कुरूपच समजत राहिली. बाहेरचा चेहरा बदलला, आतलं चित्र होतं तिथेच राहिलं.

तुमच्या आतलं चित्र काढलं कुणी, ते शोधायला हवं. एक वही घ्या. मुलांची जुनी अर्धी कोरी वही चालेल. डाव्या बाजूला तुम्ही स्वतःला म्हणता ती वाक्यं लिहा, जशी मनात येतात तशी, मालवणीत. ‘माका जमाचा नाय.’ ‘माझ्यासारखीक कोण इचारता?’ उजव्या बाजूला लिहा, हे पहिल्यांदा कुणी म्हटलं आणि कधी. घाई करू नका. एखाद्या वाक्यापुढे मास्तर येतील, एखाद्यापुढे आत्या, एखाद्यापुढे बँकेतलं ते टेबल. माझा अनुभव असा, की अशी वही लिहिणाऱ्या बायांच्या उजव्या बाजूला त्यांचं स्वतःचं नाव क्वचितच येतं. वाक्य दुसऱ्याचं असतं, आपण ते आपल्या आवाजात इतकी वर्षं म्हणत आलेलो असतो की ते आपलंच वाटायला लागतं.

बँकेतल्या त्या प्रसंगावरून मला आपल्याच किनाऱ्यावरचा एक मुलगा आठवला. दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. सरकारी परीक्षेला बसण्यासाठी तो भर पावसात कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तिथल्या परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ‘हा १७ वर्षांचा दिसत नाही’ म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. अंगाने लहानखुरा होता, एवढाच गुन्हा. तसाच परत मुरूडला आला. त्या मुलाचं नाव धोंडो केशव कर्वे. पुढे कोल्हापूरहून त्याने ती परीक्षा दिली आणि पास झाला. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे आणि १९५८ साली भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे ते हेच. तुम्ही महर्षी व्हा असं मी सांगत नाही. मला त्यांचं साताऱ्याहून परतणं महत्त्वाचं वाटतं. परीक्षकांनी चेहरा पाहून निकाल दिला होता आणि तो निकाल चुकीचा होता. तुमचा फॉर्मही असाच चेहरा पाहून नाकारला गेला. त्यावर तुमच्या ताटाबद्दल, हिशेबाबद्दल एक शब्दही लिहिलेला नव्हता, कारण त्यांनी ते विचारलंच नाही.

रंगाबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण त्यात सुधारायचं काही नाही. आपल्याकडे मुलगी बघायला आलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगावर बोलून किती बायांना मागच्या पडवीत ढकललं, याचा मला राग आहे. तो राग तुम्हालाही यावा. स्वतःचा नको, त्या बोलण्याचा यावा.

बोलण्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तुम्हाला वाटतं की तुम्ही अडखळलात तर समोरची चार माणसं तेच लक्षात ठेवतील. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला शर्ट घालून माणसांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. शर्ट घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चित्र पाहिलं असेल. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांनाच ते आठवलं. माणसं स्वतःत गुंतलेली असतात. तुमच्या दारात येणारं कुटुंब आठ-दहा तास गाडीत बसून आलेलं असतं, मूल किरकिरत असतं, सगळ्यांना भूक लागलेली असते. ‘बसा, पाणी आणतंय’ हे त्यांना मालवणीत ऐकायला मिळालं तर ते ‘गावठी’ म्हणून नाक मुरडणार नाहीत. त्यासाठीच तर ती माणसं हॉटेल सोडून वाडीत येतात. आणि ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडावं, तुमचं माशाचं तिकलं खाऊन झाल्यावर.

आता चित्र बदलतं कशाने? स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली यावर लिहिलं. ‘मला हे जमेल’ हा विश्वास कुठून येतो, त्याच्या चार वाटा त्यांनी सांगितल्या. स्वतः काम करून पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, कुणीतरी धीर देणं, आणि शरीराची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड, हाताचा घाम, झोप. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम. तुम्ही इतके दिवस तिसरीवर अडला होता. कुणीतरी ‘तुला जमेल’ म्हणावं याची वाट पाहत होता, आणि कुणी म्हटलं नाही म्हणून आरशासमोर स्वतःच म्हणून पाहिलं.

दशावतार तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं त्या कलावंतांबद्दल म्हणतात. त्यांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी कुठलं काम करायचं ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहून बोलायचे. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री एवढ्या लोकांसमोर राजासारखा कसा बोलतो? घरी बसून आधी त्याचा आत्मविश्वास तयार झाला आणि मग तो रंगमंचावर गेला, असं होत नाही. कंपनीत नवा आलेला पोरगा आधी लहानसं काम करतो, दोन वाक्यं बोलतो, चुकतो, जुना नट सांभाळून घेतो. पुढच्या जत्रेत चार वाक्यं. राजाचं काम फार नंतर येतं.

म्हणून तुम्हाला मी चार ताटांचं काम सांगते. चाळीस नको, चारच. मे महिन्यात वाडीत चाकरमानी आलेले असतात. त्यांच्यातलं एक ओळखीचं कुटुंब निवडा, त्यांना एका दुपारी जेवायला सांगा, आणि पैसे घ्या. आमंत्रण नव्हे, ताट. हे सांगताना तुमचा जीव घाबरा होईल हे मला माहीत आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय की लग्नाकार्यात, बारशाला लोक तुम्हालाच वड्यांना बोलावतात, आणि तुम्ही ‘पैशाचं काय, घरचंच तर आहे’ म्हणता. ताई, स्वतःबद्दलचं चित्र सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दर सांगताना. आवाज तिथेच बारीक होतो.

तर आदल्या दिवशी त्याच वहीत हिशेब मांडा. मासळी, तांदूळ, नारळ, आगळ, तेल, मसाला, गॅस. हे सगळ्याच जणी लिहितात. त्याखाली तुमचे तास लिहा. वाटणाला किती, मासे साफ करायला किती, वडे थापायला आणि तळायला किती, भांड्यांना किती. तुमच्या गावात बाईला दिवसाची मजुरी जी मिळते, तिच्या हिशेबाने त्या तासांचे पैसे धरा. ‘मी काय, घरातच असते’ हे वाक्य इथे आलं तर ते डाव्या पानावर नेऊन लिहा, हिशेबात त्याला जागा नाही. बेरीज करा, माणसांनी भागा, वर थोडा नफा ठेवा. तो तुमचा दर. शेजारच्या तीन दरांशी ताडून पाहा. मग तो दर मोठ्याने म्हणायचा सराव करा. स्वयंपाक करताना म्हणा, विहिरीवर म्हणा. आणि दर सांगून झाला की गप्प बसा. ‘जास्त वाटत असेल तर कमी करीन’ हे शेपूट जोडू नका. समोरच्याला विचार करायला वेळ लागतो. ती शांतता तुम्हाला खायला उठेल, ती सोसा.

ते जेवण बिघडलं तर? एखादी गोष्ट बिघडेलच. वडा फुगणार नाही, नाहीतर भात मऊ होईल. रात्री वहीत दोनच ओळी लिहा, आज काय जमलं आणि उद्या काय बदलायचं. खोटी स्तुती लिहू नका. तुमच्या चित्रातला सगळाच भाग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. हिशेब पक्का नाही असं तुम्ही स्वतः लिहिलंय, ते खरं असेल. पण हिशेब शिकता येतो. तुमच्या थोरल्या मुलीला नववीत गणितात चांगले मार्क आहेत असंही लिहिलंय. तिला बसवा शेजारी.

बँडुरांची दुसरी वाटही वापरा, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहण्याची. त्या तीन घरांपैकी ज्या वहिनीशी तुमचं बरं आहे, तिच्याकडे गर्दीच्या एका रविवारी मदतीला जा. चुलीपाशी नको, वाढायला. तिचीही धांदल होते, तीही एखाद्या गिऱ्हाइकाला ‘थांबा हां’ म्हणून आत येऊन कपाळाचा घाम पुसते, हे तुम्हाला दिसू दे. आपण इतरांचा पुढचा दरवाजा पाहतो आणि स्वतःची मागची पडवी, मग तुलना चुकणारच.

स्वप्नं कशी बघायची त्याबद्दलही सांगायला हवं, कारण पाटी लावलेली, गाड्या उभ्या आहेत, असं चित्र तुम्ही डोळ्यांपुढे आणता म्हणालात. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवर १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. परीक्षेआधी काहींनी रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याचं दृश्य डोळ्यांपुढे आणलं, काहींनी आपण कुठे बसून, कोणतं पान उघडून, कसा अभ्यास करतोय ते. दुसऱ्यांना जास्त गुण मिळाले. पहिल्यांनी अभ्यासच कमी केला, मनाला वाटलं असेल मिळालंच आता. तेव्हा पाटी सध्या बाजूला ठेवा. पहाटे बाजारात कुणाकडून बांगडे घेणार, नारळ कधी खवणार, कुठली चादर अंगणात अंथरणार, पहिलं वाक्य काय बोलणार, ते बघा.

बँकेत पुन्हा जायचंच आहे. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी सरकारची मुद्रा योजना २०१५ पासून आहे आणि तिच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. भांडी, मोठी शेगडी, चार टेबलं यांना तेवढं पुरे. जाण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करा. ती मोफत असते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. चार ताटांचा हिशेब असलेली वही सोबत न्या. आणि एक वाक्य आधीच ठरवून ठेवा. ‘मिस्टरांना पाठवा’ असं पुन्हा म्हटलं, तर मी म्हणेन : ‘धंदा माझा आहे, अर्ज माझ्या नावावर आहे, फॉर्म द्या.’ असं ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ आधीच पक्कं केलेलं असलं की ऐनवेळी माणूस गडबडत नाही, यावर बराच अभ्यास झालेला आहे. तुम्ही अडखळाल. अडखळत म्हणा. वाक्य पूर्ण झालं म्हणजे झालं. फॉर्म तरीही नाही मिळाला, तर दुसऱ्या बँकेची पायरी चढा.

किती दिवस लागतील? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. म्हणजे तुमच्या बारा दिवसांवरून काहीच ठरत नाही. आता आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ते होतात ६१ दिवस. त्या दिवसांत पर्यटक नाहीत, समुद्र खवळलेला, घरात पैसे कमी, आणि खलाशांच्या घरात ते दिवस कसे जातात हे तुम्ही मला सांगायला नको. पण त्याच दिवसांत माणसं होड्या शाकारतात, जाळी दुरुस्त करतात. तुमच्या वहीलाही तेच ६१ दिवस द्या. रोज दोन ओळी, आठवड्यातून एकदा तीन-चार माणसांना विकत वाढलेलं ताट. आश्विनात गिऱ्हाईक येईल तेव्हा तुमच्याकडे आठ-नऊ वेळा वाढल्याचा अनुभव असेल.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर वही पुरेशी नाही. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं.

शेवटचं तुमच्या मिस्टरांसाठी, त्यांना वाचून दाखवा. दादा, ‘तुझ्या मनात असेल तर कर’ असं तुम्ही म्हणता, हे पत्रात आहे. त्यात विरोध नाही, हे खरं. पण जूनमध्ये तुम्ही घरी असाल, तेव्हा एक काम करा. ताई बँकेत जातील त्या दिवशी त्यांच्यासोबत जाऊ नका. धाकट्याला सांभाळा, दुपारचा भात तुम्ही लावा, आणि त्या परत आल्या की फॉर्म मिळाला का हे विचारण्याआधी तिथे काय बोलणं झालं ते सगळं ऐकून घ्या.